कालचं आज आठवतं का?

डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस डोळे उघडतो, तेव्हा खाटेभोवती जमलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "मला ओळखलंस का?" मामा विचारतात, आत्या विचारते, कंपनीतला मित्र विचारतो. तो सगळ्यांना नावानिशी ओळखतो. आईला "जेवलीस का?" म्हणतो. "गाडीचं काय झालं?" असं काळजीनं विचारतो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. बाहेर फोन जातात, 'आता काळजी नाही, सगळ्यांना ओळखतोय.' अर्ध्या तासानं तो पुन्हा विचारतो, "गाडीचं काय झालं?" आणि तेच उत्तर पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकतो. संध्याकाळी मामा परत येतात, तेव्हा त्यांना म्हणतो, "तुम्ही आज पहिल्यांदाच आलात ना?"

या अवस्थेला वैद्यकात पोस्ट-ट्रॉमॅटिक ॲम्नेशिया म्हणतात. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात 'पीटीए', मराठीत आघातोत्तर विस्मृती. माणूस जागा असतो, बोलतो, कधी हिंडतोफिरतोही. पण घडणाऱ्या गोष्टींची सलग नोंद त्याच्या मेंदूत राहत नाही. चेहरे आणि नाती ही वर्षानुवर्षांची ठेव असते, ती सहसा शाबूत राहते. त्यामुळे 'मला ओळखलंस का?' ही घरच्यांची परीक्षा रुग्ण सहज पास होतो आणि मेंदू अजून सावरलेला नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही. इजा किती खोल आहे, हे विचारायचं तर प्रश्न दुसरा हवा: काल काय झालं ते आज आठवतं का?

हा प्रश्न थोड्या लोकांपुरता नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली, अशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. या जखमींत डोक्याला मार लागलेले बरेच असतात. शिवाय जिन्यावरून, गच्चीवरून, झाडावरून पडणारे आणि न्हाणीघरात घसरणारे वेगळेच.

अपघाताच्या अलीकडे आणि पलीकडे

मार लागल्यानंतरच्या विस्मृतीला दोन बाजू असतात. एक अपघाताच्या आधीची: निघालो ते आठवतं, पेट्रोल भरलं ते आठवतं, पण पुलावर कसा पोहोचलो ते आठवत नाही. दुसरी अपघातानंतरची: रुग्णवाहिका, कॅज्युअल्टी, टाके, पहिल्या दोन रात्री, सगळं कोरं. पहिली बाजू बहुधा लहान असते आणि दिवस जातील तशी आणखी आक्रसते. सुरुवातीला आठवड्याभराचं गेलेलं असतं, मग दिवसाचं, आणि शेवटी आदळण्याआधीची काही मिनिटं किंवा सेकंद तेवढे कायमचे हरवतात. दुसरी बाजू सहसा पहिलीपेक्षा मोठी असते, आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं जास्त बोलकीही तीच.

अपघाताच्या आधीचं का जावं? आदळण्याच्या क्षणापूर्वी तर मेंदू ठणठणीत होता. कारण आठवण घडते तेव्हाच पक्की होत नाही, तिला मुरायला वेळ लागतो. छोटा दुकानदार दिवसभर कच्च्या चिठ्ठ्यांवर टिपतो आणि रात्री ते रोजमेळात चढवतो. मधेच वारा येऊन चिठ्ठ्या उडाल्या, तर तेवढ्या व्यवहारांचा वहीत मागमूस राहत नाही. जुन्या आठवणी तगतात, ताज्या आधी जातात, हे निरीक्षण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच स्मृतीच्या विकारांवरच्या पुस्तकात मांडलं होतं.

पण विस्मृतीचा काळ ही इजेची मोजपट्टी होऊ शकते, हे नीट दाखवून दिलं ते ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ रिची रसेल यांनी. १९३२ मध्ये त्यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढं दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात डोक्याच्या जखमांसाठी लष्करी रुग्णालय उघडलं गेलं आणि रसेल यांच्यापुढं जखमी सैनिकांची रीघ लागली. पीटर नेथन यांच्यासह त्यांनी १९४६ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांचा लेखाजोखा मांडला. सैनिक किती वेळ बेशुद्ध होता हे रणांगणावर कोण मोजणार? पण 'अपघातानंतरचं तुला सलग कधीपासून आठवतं?' हे नंतरही विचारता येत होतं. हा काळ जितका लांब, तितकी इजा गंभीर आणि कामावर परतायला तितका उशीर, असं दिसून आलं.

रसेल यांच्या 'सलग' या अटीला महत्त्व आहे. पीटीएत अधूनमधून आठवणींची बेटं असतात. रुग्णाला आईचं रडणं आठवतं, एक इंजेक्शन आठवतं, पण त्यांच्या अलीकडचं-पलीकडचं काहीच नाही. बेट दिसलं म्हणजे किनारा लागला असं नाही. एका घटनेमागून दुसरी अशी दिवसाची साखळी जुळू लागली, तरच पीटीए संपला असं मानतात.

हिंदी-मराठी सिनेमातली विस्मृती बरोबर उलटी असते. डोक्यावर फटका बसतो, नायक नाव-गाव-बायको विसरतो, बाकी मात्र गाणं म्हणण्याइतका ठणठणीत. आणि दुसऱ्या फटक्यानं सगळं परत येतं. खऱ्या वॉर्डात स्वतःचं नाव हे सर्वांत शेवटी जाणारं आणि सर्वांत आधी परतणारं. आणि दुसऱ्या फटक्यानं इजा वाढते, हे वेगळं सांगायला नको.

स्कॅन नॉर्मल, तरी माणूस हरवलेला

'सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग हा असं का करतो?' हा प्रश्न न्यूरो वॉर्डात सतत कानावर येतो. सीटी स्कॅन पहिल्या तासांत प्रामुख्यानं रक्तस्राव, सूज आणि कवटीचं हाड पाहतो, कारण तातडीची शस्त्रक्रिया लागेल का हे त्यावरून ठरतं. पण मेंदू मऊ आहे आणि कवटीत थोडा हलू शकतो. वेगातली गाडी एकाएकी थांबली किंवा डोकं गर्रकन वळलं, की मेंदूचे थर एकमेकांवरून सरकतात आणि चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. ही इजा मेंदूभर विखुरलेली असते, आणि ती सीटीवर बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयच्या काही खास पद्धतींत तिचे बारीक रक्तठिपके दिसू शकतात.

दुसरी गोष्ट जागेची. कवटीचा तळ पुढच्या बाजूला आणि कानशिलांच्या आत खडबडीत, कंगोऱ्यांचा असतो. मेंदूची कपाळामागची आणि कानशिलाकडची टोकं तिथं घासली जातात. कानशिलाच्या भागात आत हिप्पोकॅम्पस असतो, नव्या आठवणी जुळवणारा. कपाळामागच्या भागाकडं लक्ष, संयम आणि प्रसंगाचं भान. त्यामुळे मार कुठूनही लागो, तक्रारी ठरावीकच दिसतात: नवं लक्षात राहत नाही, लक्ष टिकत नाही, चिडचिड होते, तोंडाला येईल ते बोललं जातं. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

म्हणून पीटीए ही नुसती विसरण्याची अवस्था नाही, तो गोंधळही आहे. अमेरिकी संशोधक मार्क शेरर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या गोंधळाची सात लक्षणं एकत्र बांधली: स्थळकाळाचं भान नसणं, विचार आणि लक्षातला बिघाड, अस्वस्थ हालचाल, स्थिती घडोघडी बदलणं, रात्रीची झोप मोडणं, दिवसा पेंगणं, आणि नसलेलं दिसणं किंवा भलते संशय येणं. यांपैकी चार आढळली तर रुग्ण गोंधळाच्या अवस्थेत आहे असं धरतात; भान गेलं असेल तर तीनही पुरतात. सलाइन उपसणारा, 'मला कामावर जायचंय' म्हणून खाटेवरून उतरणारा, रात्री बायकोला 'तू कोणाची माणूस?' विचारणारा रुग्ण मुद्दाम त्रास देत नसतो. घरच्यांना हे कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं.

पंधरापैकी पंधरा, पण कशात?

कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर 'जीसीएस १५/१५' असं लिहिलेलं दिसतं. ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेली ही मोजणी (ग्लासगो कोमा स्केल) आज जगभर वापरतात. डोळे उघडण्याला ४ गुण, बोलण्याला ५, हातापायांच्या हालचालीला ६. सर्वांत कमी बेरीज ३, सर्वांत जास्त १५. आठ किंवा त्याखाली गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य अशी ढोबळ वर्गवारी.

बोलण्याच्या पाच गुणांपैकी शेवटचा एक गुण भानाचा. नाव काय, कुठे आहात, कोणता महिना चालू आहे, याची उत्तरं नीट आली की पाच, गोंधळली की चार. भरल्या कॅज्युअल्टीत हे प्रश्न काही सेकंदांत उरकले जातात, आणि शेजारचे नातेवाईक हळूच उत्तर पुरवतातही. शिवाय ही पट्टी मुळात शुद्ध मोजण्यासाठी केलेली. नवी आठवण टिकते का हे ती विचारतच नाही. त्यामुळे पंधरापैकी पंधरा गुण मिळालेला रुग्णही पीटीएत असू शकतो. त्याला घरी सोडताना 'उलटी झाली तर लगेच या, गाडी चालवू नका' असं सांगितलं आणि तो मान हलवून 'हो' म्हणाला, तरी त्यातलं काहीच त्याच्यापाशी राहत नाही. अशा सूचना लेखी आणि सोबतच्या माणसाच्या हाती द्यायच्या असतात, त्या यासाठीच.

आठवणीचा प्रश्न स्कॅन करायचा की नाही हे ठरवायलाही कामी येतो. कॅनडात २००१ मध्ये इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी सौम्य इजेच्या रुग्णांसाठी एक नियमावली प्रसिद्ध केली. त्यात दोन किंवा जास्त उलट्या, ६५ किंवा त्याहून जास्त वय, दोन तासांनंतरही जीसीएस १५ वर न येणं अशा मुद्द्यांबरोबर एक मुद्दा असा: आदळण्याआधीची ३० मिनिटं किंवा त्याहून अधिक काळ आठवत नसेल, तर स्कॅनचा विचार करा.

रोज तेच प्रश्न

पीटीए संपला का, हे ठरवायला तेच ते प्रश्न रोज विचारावे लागतात. या कामाची सर्वांत परिचित चाचणी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन शहराच्या नावानं ओळखली जाते. हार्वे लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. तिची गंमत अशी की ती शंभरापासून सुरू होते आणि चुकांचे गुण कापत जाते. वर्ष एकानं चुकलं तर दहा गुण गेले, जास्तीत जास्त तीस. महिना एकानं चुकला तर पाच, जास्तीत जास्त पंधरा. तारीख दिवसामागे एक, वेळ अर्ध्या तासामागे एक. शहर, रुग्णालय, इथं कसे आलात, अपघाताआधीचं शेवटचं आणि नंतरचं पहिलं काय आठवतं, यांना प्रत्येकी पाच.

समजा, चौदा नोव्हेंबरला विचारलं आणि रुग्ण म्हणाला 'बारा ऑगस्ट'. महिन्याचे पंधरा गेले, तारखेचे दोन. अपघातानंतरचं पहिलं काय आठवतं, याचं उत्तर नाही, पाच. त्याचे तपशीलही नाहीत, आणखी पाच. बाकी सगळं बरोबर सांगितलं तरी हाती राहिले ७३. या चाचणीत ७६ ते १०० हे नॉर्मल, ६६ ते ७५ सीमेवरचे आणि त्याखाली बिघाड. म्हणजे नाव, गाव, जन्मतारीख, वर्ष सगळं अचूक सांगणारा हा माणूस अजून काठावरच आहे. आणि एका दिवशी ७८ आले म्हणून घाई करत नाहीत. सलग दुसऱ्यांदाही वरच राहिले पाहिजेत, कारण गोंधळ चढउतार करतो. सकाळी स्वच्छ बोललेला माणूस रात्री पुन्हा भरकटतो.

सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयातली १९८६ ची चाचणी याहून एक पाऊल पुढं जाते. तिच्यात बारा प्रश्न. सात भानाचे: वय, जन्मतारीख, महिना, दिवसाची वेळ, वार, वर्ष, ठिकाण. उरलेले पाच नव्या आठवणीचे. तपासनीस पहिल्या दिवशी आपलं नाव सांगतो, तीन वस्तूंची चित्रं दाखवतो. दुसऱ्या दिवशी विचारतो: माझा चेहरा यांतला कोणता? माझं नाव काय? काल दाखवलेली तीन चित्रं कोणती? बारापैकी बारा गुण सलग तीन दिवस मिळाले, तर त्यांतल्या पहिल्या दिवशी पीटीए संपला असं धरतात. भिंतीवरचं कॅलेंडर पाहून माणूस तारीख सांगू शकेल, पण काल दाखवलेलं चित्र कॅलेंडरवर नसतं. सौम्य इजेच्या रुग्णांसाठी हीच कल्पना छोटी करून तासातासानं विचारायची चाचणीही त्यातूनच तयार झाली.

नातेवाइकांची सर्वांत मोठी अडचण इथंच होते. चाचणी सुरू असताना आई म्हणते, "अरे, आज गुरुवार नाही का, उपास असतो तुझा!" भाऊ बोटांनी महिना दाखवतो. प्रेमापोटी पुरवलेलं हे उत्तर तेवढ्यापुरते गुण वाढवतं, आणि मोजणी बिघडवतं.

एक जूनचे वाढदिवस

गॅल्व्हस्टन आणि सिडनीचे प्रश्न इकडं जसेच्या तसे आणले की ते अडखळतात. महाराष्ट्रात एका पिढीतल्या किती जणांची कागदोपत्री जन्मतारीख एक जून आहे, हे कुठल्याही गावात विचारा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती टाकलेली असते. असा माणूस 'जन्मतारीख?' विचारल्यावर थबकला, तर ते विस्मृतीचं लक्षण आहे की त्याला ती कधीच ठाऊक नव्हती? साठीतली बाई "बहात्तरच्या दुष्काळात मी चालती-बोलती होते" असं सांगते, तेव्हा तिची स्मृती उत्तम चालू असते. फक्त ती चाचणीच्या रकान्यात बसत नाही. ज्याला इंग्रजी महिना सांगता येत नाही, तो 'श्रावण संपला, पोळा झाला' असं बरोबर सांगेल. वार आठवायला आठवडी बाजार असतोच.

शाळा न शिकलेल्यांसाठी भानाचे आणि स्मृतीचे प्रश्न कसे बदलावेत, यावर भारतात काम झालं आहे. १९९५ मध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढ परिसरातल्या वृद्धांसाठी परदेशी चाचणीचं हिंदी रूप तयार केलं. ते स्मृतिभ्रंशासाठी होतं, पण त्यामागचा धडा डोक्याच्या इजेलाही लागू आहे: माणसाला आधी जे ठाऊक होतं, तेच विचारून हरवलं का ते कळतं. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात भारतीय रुग्णांसाठी वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार निकष दिले आहेत, ते याच गरजेतून.

म्हणून चांगला तपासनीस आधी घरच्यांना बाजूला घेऊन विचारतो. शिक्षण किती? तारीख-वार रोज पाहायची सवय होती का? ऐकायला कमी येतं का, चष्मा कुठाय? घरात कोणती भाषा बोलता? अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत, किंवा मुंबईच्या रुग्णालयात हिंदीत विचारलं आणि तो गोंधळला, तर दोष मेंदूचा धरायचा की भाषेचा?

मैदानावरचे पाच प्रश्न

किरकोळ वाटणाऱ्या इजेत प्रश्न किती बारकाईनं निवडावे लागतात, ते खेळानं शिकवलं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की डोक्याला धक्का बसलेला खेळाडू स्वतःचं नाव, तारीख सहसा बरोबर सांगतो. अडतो तो नुकत्याच घडलेल्यावर. आपण कोणत्या मैदानावर आहोत? सामन्याचा कितवा भाग चालू आहे? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो? जिंकलो का? अशा धर्तीचे प्रश्न आता अनेक खेळांच्या वैद्यकीय पथकांकडं असतात.

क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा आयसीसीनं दिली, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर ती वापरावी लागली. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो ८० धावांवर बाहेर गेला, चाचण्या पास झाला, परत येऊन ९२ पर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला बरं वाटेना, आणि मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला असा बदली खेळाडू ठरला. पहिल्या तासातली चाचणी पास होणं म्हणजे सुटका नव्हे. लक्षणं उशिरा उगवतात, म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते.

गोंधळ आहे, पण मारामुळेच का?

डोक्याला मार लागला आहे, तेव्हा गोंधळही त्याचाच, असं गृहीत धरणं धोक्याचं. दारू प्यायलेला अपघातग्रस्त बरळतो तेव्हा 'उतरली की ठीक होईल' म्हणून सोडून दिला, तर आतला रक्तस्राव निसटतो. उलट रोज पिणाऱ्याची दारू रुग्णालयात दोन-तीन दिवस तुटली, तर त्या तुटण्यानंच भास आणि थरथर सुरू होते. रक्तातलं सोडियम घसरणं, साखर कमी होणं, ताप, फुप्फुसाचा संसर्ग, आकडी, झोपेची आणि वेदनाशामक औषधं, साधी तुंबलेली लघवीसुद्धा: या सगळ्यांनी माणूस भरकटतो. डाव्या मेंदूतल्या भाषेच्या जागेला इजा झाली असेल, तर रुग्ण भलते शब्द बोलतो. ते ऐकून त्याला भ्रमिष्ट ठरवतात, प्रत्यक्षात त्याला शब्द सापडत नसतात. गळ्यात ट्रेकिऑस्टॉमीची नळी असेल तर बोलताच येत नाही, मग पर्यायांवर बोट ठेवायला सांगावं लागतं.

वयस्कर माणसांत आणखी एक फसवी गोष्ट असते. न्हाणीघरात पडल्यावर डोक्याला नुसतं टेंगूळ येतं, सगळे ते विसरूनही जातात. तीन-चार आठवड्यांनी आजोबा विसराळू होतात, पाय ओढतात, दिवसभर झोपतात, आणि 'वयच झालं' म्हणून गप्प बसलं जातं. मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्त यामागं असू शकतं. ते काढलं की बरेच जण सुधारतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच सावध राहायला हवं.

सुधारणारा रुग्ण दिवसागणिक थोडा थोडा उजळत जातो. याउलट आधी नीट बोलत असलेला माणूस पेंगू लागला, डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, आकडी आली, एका बाजूची ताकद गेली, किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं, तर रात्र काढायची नाही. कवटी आणि मेंदूच्या आवरणामधल्या रक्तस्रावात मधे काही तास माणूस अगदी ठीक असू शकतो. 'मुकाच मार आहे, रक्त कुठं आलंय?' म्हणून घरी नेलेले रुग्ण याच फटीत सापडतात.

ऐकीव आठवणी

अपघाताचा रुग्ण शुद्धीवर आला की पोलीस जबाबासाठी येतात, आणि डॉक्टरांकडून तो जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचं लिहून घेतलं जातं. इथं पीटीएची तपासणी कायद्याशी येऊन भिडते. चार दिवस खाटेजवळ बसलेल्यांनी 'ट्रकनं मागून ठोकलं' हे दहा वेळा सांगितलेलं असतं. रुग्णाच्या मेंदूत त्या क्षणाची नोंदच नाही, पण रिकामी जागा मनाला सहन होत नाही. ऐकलेलं हळूहळू 'पाहिलेलं' होतं. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच आठवल्यासारखं वाटतं. गोंधळाच्या काळात तर मेंदू पोकळी भरायला रचूनही सांगतो, आणि तेही छातीठोकपणे.

खरी आठवण आणि ऐकीव आठवण वेगळी काढायला तपासनीस तपशील मागतो. नंतरचं पहिलं काय आठवतं? "बायको आली." कुठं उभी होती? काय बोलली? सोबत कोण होतं? खऱ्या आठवणीला कोपरे असतात: पंखा आवाज करत होता, नर्सच्या हातात निळी बादली होती. ऐकीव आठवण मथळ्यासारखी सपाट असते आणि दुसऱ्या प्रश्नालाच संपते. गॅल्व्हस्टनच्या चाचणीत तपशिलाचे वेगळे पाच गुण ठेवले आहेत ते म्हणूनच. नुकसानभरपाईच्या दाव्यातही रुग्ण कोणत्या दिवसापर्यंत पीटीएत होता याची रोजची नोंद असेल, तर त्याचा जबाब किती भरवशाचा, हे सांगायला आधार मिळतो.

किती दिवस, आणि मग काय?

रसेल यांच्या जुन्या वर्गवारीत एका तासाच्या आतला पीटीए सौम्य, एक ते चोवीस तासांचा मध्यम, एक ते सात दिवसांचा गंभीर आणि त्यापुढचा अतिगंभीर. पुढं लांबच्या टप्प्यांसाठी आणखी पायऱ्या केल्या गेल्या, कारण महिनाभर चाललेला पीटीए आणि आठ दिवसांचा पीटीए यांत खूप अंतर आहे. आकडा मोठा, तर पूर्वीच्या कामावर, पूर्वीच्या वेगानं परतणं अवघड, हे सर्वसाधारण खरं. पण ते ज्योतिष नाही. वय, आधीचं शिक्षण, दुसऱ्या इजा आणि घरचा आधार या सगळ्यांनी फरक पडतो.

पीटीए चालू असताना खोलवरच्या बुद्धीच्या चाचण्या घेण्यात अर्थ नसतो, आणि रुग्णाला 'आठव, आठव' म्हणून पिळण्यातही. गर्दी कमी, आवाज कमी, रोज तीच दोन-तीन माणसं, रात्री अंधार आणि दिवसा उजेड, याचा उपयोग होतो. चुकीचं बोलला तर वाद घालायचा नाही. 'तू रुग्णालयात आहेस, डोक्याला लागलंय, आम्ही इथंच आहोत' एवढं शांतपणे पुन्हा सांगायचं. झोपेचं औषध देऊन गप्प केलेला रुग्ण शांत दिसतो, पण औषधाची गुंगी मोजणीत मिसळते आणि गोंधळ लांबवू शकते, म्हणून डॉक्टर ती जपून वापरतात. एक दिलासा असा की घटना लक्षात राहत नसतानाही हातापायांची कौशल्यं शिकता येतात. कालचा फिजिओथेरपिस्ट आठवत नाही, पण कालचा व्यायाम आज थोडा सोपा जातो.

पीटीए संपल्यावर न्यूरोसायकॉलॉजिस्टचं काम सुरू होतं. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची, प्रत्येक वेळी किती आठवले ते मोजायचं, मधे दुसरी यादी घालायची आणि अर्ध्या तासानं पहिली पुन्हा विचारायची. या चाचणीचं भारतीय रूप निम्हान्सच्या संचात आहे. शब्द आत जातच नाहीत, की आत जातात पण बाहेर काढता येत नाहीत, हे त्यातून कळतं. पहिल्यात लक्ष आणि नोंदणीवर काम करावं लागतं, दुसऱ्यात आठवणीला खूण देण्याच्या युक्त्या कामी येतात. कामावर कधी परतायचं, दुचाकी कधी चालवायची, कॉलेजची परीक्षा यंदा द्यायची की नाही, हे निर्णय अशा मोजणीवर घ्यावेत. 'आता तो नीट बोलतोय' हा निकष पुरेसा नाही.

या तपासणीला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटं आणि एक कागद लागतो. डॉक्टरांना वेळ नसेल तर वॉर्डातल्या सिस्टरला किंवा प्रशिक्षणार्थीला ती शिकवता येते. आणि घरच्यांनीही एक काम करावं. वहीत रोज तारीख घालून लिहावं: काल कोण आलं होतं हे आज त्यानं स्वतःहून सांगितलं का, तोच प्रश्न किती वेळा विचारला, रात्र कशी गेली. डिस्चार्ज कार्ड हातात घेताना एक्स-रे आणि बिलाबरोबर एवढं विचारून, लिहून घ्यावं की पीटीए किती दिवस होता आणि तो कोणत्या चाचणीनं संपला असं ठरवलं. सहा महिन्यांनी नोकरी, अभ्यास किंवा संसाराची घडी बसत नाही म्हणून ते पुन्हा डॉक्टरांसमोर बसतील, तेव्हा जुन्या स्कॅनइतकाच हा आकडा त्यांना उपयोगी पडेल.